टॉप-अपचा कॅन आपोआप भरणारा २४ व्होल्टचा आरओ संच: समुद्री टँकसाठी कितपत कामाचा?

समुद्री टँकमधून (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातून) उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून टॉप-अपला (उडालेल्या पाण्याची भर घालायला) आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार डीआय रेझिनने काढलेलं, गोडं पाणीच हवं, आणि ते साठवणारा कॅन रिकामा पडला की क्षारता चढू लागते. हा कॅन भरायला घरगुती आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा संच (२४ व्होल्टचा अडॅप्टर, दाब वाढवणारा बूस्टर पंप, विजेवर उघडमिट होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पाण्याच्या पातळीवर चालणारा फ्लोट स्विच) उत्तम आहे. फक्त पिण्याच्या पाण्यासाठी जोडतात तसा तो इथे जोडू नये.

त्या जोडणीत फ्लोट जरा खाली आला की आरओ सुरू होतो. बंद काळात क्षार मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे दर वेळी पहिल्या काही मिनिटांच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) जास्त असतो आणि तो सगळा डीआय रेझिनच्या माथी बसतो. दिवसातून चार-पाचदा असं झालं की रेझिन भराभर संपतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर विचारूच नका. साधा यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्हही हेच करतो. शिवाय त्याला फोर-वे शटऑफ (कॅन भरल्यावर आरओत येणारं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह) लागतो, आणि सोबतचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळका निघाला तर ड्रेनचं टाकाऊ पाणी थांबतच नाही.

उपाय म्हणजे अडॅप्टरला आठवडी टायमर. रोज ३ लिटर पाणी उडत असेल तर आठवड्याला २१ लिटर लागतात. ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन तासाला जास्तीत जास्त १२ लिटरच्या आसपास देते, पाणी गार असेल तर कमी. म्हणून रविवारी अडीच तास पुरेत. कॅन भरला की फ्लोट थांबवेल. फ्लोट अडकलाच तर टायमर थांबवेल आणि सांडायचं ते ९-१० लिटरच सांडेल. कॅन मोरीत किंवा बाल्कनीत असेल तर तेही निभावतं.

बारक्या रीड-फ्लोटमधून पंपाचा सगळा करंट नेऊ नका. आतली पाती चिकटतात आणि पंप चालूच राहतो. मध्ये २४ व्होल्टचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका. सोलेनॉइड पंपाच्या आधी, बाण प्रवाहाच्या दिशेने, आणि त्याच्याही आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, कारण एक वाळूचा कण सोलेनॉइडच्या पडद्याखाली बसला तरी सोलेनॉइड पूर्ण मिटत नाही. तपासायचं असं: संच बंद करून ड्रेनची नळी मगमध्ये धरा. धार थेंबावर येऊन पाच-सात मिनिटांत थेंबही थांबले पाहिजेत. टपकत राहिली तर सोलेनॉइड उघडून धुवा.

घरचाच प्युरिफायर वापरणार असाल तर टीडीएस कंट्रोलर (चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह) पूर्ण बंद करा आणि मिनरल कार्ट्रिज काढा. नाहीतर गाळलेल्या पाण्यात कच्चं पाणी आणि क्षार पुन्हा मिसळतात.

आरओची नळी थेट सम्पमध्ये (टँकखालच्या जोड-टाकीत) मात्र कधीच सोडू नका. मध्ये कॅन असला की नुकसानीला हद्द असते: २०० लिटरच्या टँकमध्ये २० लिटर एकदम ओतले गेले तरी क्षारता हजारी ३५ वरून ३२ च्या जवळ येते, प्रवाळ बहुधा तगतात. म्हणूनच आठवड्याच्या गरजेपेक्षा फार मोठा कॅन इथे नको. टॉप-अप पंपाच्या नळीचं तोंडही सम्पच्या पाण्यात बुडवू नका, आणि ते कॅनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. कॅन उंचावर आणि तोंड खाली असेल तर पंप थांबल्यावरही सायफनने अख्खा कॅन सम्पमध्ये उतरतो.