किनिक स्टेडियम, आयोवा सिटी: जाणार असाल तर आधी १९३९ वाचा

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऊन खात पाटाकडील विरुद्ध शिवाजी बघितलेला माणूस. त्यामुळे पोरगा म्हणाला, "बाबा, शनिवारी फुटबॉलला जाऊ," तेव्हा मी खुशीत होतो. मग त्याने टीव्हीवर एक जुना सामना लावून दाखवला. हा अमेरिकेतला फुटबॉल, आपला नव्हे. तास गेला तरी चेंडूला पाय लागला तो चार-पाचदा. बाकी सगळी खासबागेतली कुस्ती, तीही अकरा-अकरा जणांची. म्हटलं, हे बघायला एवढे डॉलर?

पोरगा सीडर रॅपिड्सला असतो, आयोवा सिटी तिथून गाडीने अर्ध्या तासावर. सामन्याला चार दिवस होते आणि रिटायर माणसाला घरात काम काय! सूनबाईने लायब्ररीतून तिथल्या आयोवा युनिव्हर्सिटीच्या संघाच्या १९३९ च्या मोसमावरचं एक पुस्तक आणून दिलं. म्हणाली, "आधी हे वाचा, मग बोला." तिचं ऐकलं म्हणून हा रिव्ह्यू असा आहे, नाहीतर दोन तारे देऊन मोकळा झालो असतो.

आदल्या वर्षी, १९३८ ला, आयोवाने आठपैकी एकच सामना जिंकला होता. मग प्रशिक्षक म्हणून आले एडी अँडरसन. पेशाने डॉक्टर, सकाळी इस्पितळात रोगी तपासायचे आणि दुपारी मैदानावर पोरांना घाम गाळायला लावायचे. पोरं मोजकीच होती. तेव्हाच्या नियमाने एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या क्वार्टरात, म्हणजे सामन्याच्या त्या पाव भागात, परत आत येत नसे, म्हणून तीच पोरं चढाईही करायची आणि बचावही. आपल्या कबड्डीसारखं. पेपरवाल्यांनी त्यांना 'आयर्नमेन' म्हटलं ते उगाच नाही.

मला सामन्यांचे आकडे वहीत लिहायची जुनी खोड आहे. हेही लिहिले. साउथ डाकोटाला ४१-०. इंडियानाला ३२-२९. मग मिशिगनकडून ७-२७ असा मार, ज्यात टॉम हार्मन नावाच्या एकट्या गड्याने त्यांचे सगळे २७ गुण केले. पुढच्याच वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, त्याला मिळाली, म्हणजे हरलो तेही तोलामोलाच्या माणसाकडून. विस्कॉन्सिनला १९-१३. पर्ड्यूला ४-०! हा आकडा बघून मला वाटलं छपाईची चूक असेल. पण टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकापलीकडे नेला की मिळणारे सहा गुण) एकही नाही, दोन 'सेफ्टी', म्हणजे समोरच्याला त्याच्याच टोकाला कोंडून मिळालेले दोन-दोन गुण. आमच्याकडे असा निकाल लागला असता तर तालमीच्या कट्ट्यावर आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता.

मग ११ नोव्हेंबर, नोत्र दाम. तोवर सहाच्या सहा जिंकून आलेला संघ. आणि गंमत अशी की अँडरसन स्वतः नोत्र दामचे जुने खेळाडू. १९२१ ला तेच तिथले कर्णधार होते आणि आयोवानेच त्यांना १०-७ ने हरवलं होतं. आता ते या बाजूला उभे. आयोवाच्या नाइल किनिकने, ज्याचं नाव स्टेडियमला आहे त्यानेच, टचडाउन केला आणि वरचा सातवा गुणही त्यानेच घेतला, चेंडू जमिनीवर टाकून टप्पा पडताच लाथ मारून. ड्रॉप-किक म्हणतात, आता कुणी फारसं मारत नाही. नोत्र दामनेही टचडाउन केला, पण त्यांचा वरचा गुण हुकला. ७-६. शेवटी शेवटी किनिकने ६३ यार्डांची लाथ हाणून त्यांना पार टोकाला नेऊन बसवलं. हा परिच्छेद मी आमच्या सौंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अहो, जेवण गार होतंय."

पुढच्या आठवड्यात मिनेसोटा. शेवटच्या क्वार्टरात ०-९ ने मागे असताना किनिकच्या दोन पासांवर दोन टचडाउन, १३-९. शेवटचा सामना नॉर्थवेस्टर्नशी ७-७, त्यात किनिकचा खांदा गेला. सहा जिंकले, एक हरले, एक बरोबरीत. संघाच्या १३० गुणांपैकी १०७ मध्ये त्या एका पोराचा हात होता. आणि पोरगं फक्त खेळाडू नव्हतं, अभ्यासात पहिल्या फळीतलं, आजोबा राज्याचे गव्हर्नर होऊन गेलेले.

आता स्टेडियमचं. १९२९ ला बांधलेलं, १९७२ पासून किनिकचं नाव, आता ६९ हजारांवर माणसं बसतात. गावच पाऊण लाखाच्या आसपासचं, त्यामुळे सामन्याच्या दिवशी घरी कोण राहत असेल देव जाणे. बाहेर पुतळा आहे. मला वाटलं होतं चेंडू काखेत घेऊन धावणारा असेल. तसा नाही. अंगात कॉलेजचं जॅकेट, हातात पुस्तकं, हेल्मेट पायाशी. आत जाताना खेळाडू त्या हेल्मेटला हात लावून जातात. आपला पैलवान आखाड्यातली माती कपाळाला लावतो ना, तसंच. मीही लावला, पोराने फोटो काढला.

सामन्याआधी मोठ्या पडद्यावर किनिकचं हाइझमन स्वीकारतानाचं भाषण लावतात. डिसेंबर १९३९, युरोपात लढाई पेटून तीन महिने झालेले. तो म्हणतो, देवाचे आभार की माझा जन्म युरोपच्या रणांगणांसाठी नाही, इथल्या मैदानांसाठी झाला. आणि आमचे खेळाडू लढाईतल्या पदकापेक्षा या ट्रॉफीसाठीच झुंजणं पसंत करतील. आजूबाजूचे लोक टोप्या काढून ऐकत होते. त्याचं पुढे काय झालं ते मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. नौदलात वैमानिक झाला. २ जून १९४३ ला व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ सरावाच्या उड्डाणात विमान समुद्रात उतरवावं लागलं आणि तो सापडलाच नाही. वय २४. माझ्या पुढच्या रांगेत त्याच वयाची चार पोरं पिवळे-काळे पट्टे तोंडाला फासून बसली होती.

पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून शेजारच्या मुलांच्या इस्पितळाकडे हात हलवतं. वरच्या खिडक्यांतून पोरं हात हलवतात. २०१७ पासूनची पद्धत. सौंनी पदर डोळ्याला लावला आणि मला म्हणाल्या, तुमचं पुस्तक राहू दे, हे बघायला तरी परत येऊ.

कामाच्या गोष्टी. पिशवी पारदर्शकच लागते, सौंची पर्स गाडीत ठेवायला मला परत अर्धा मैल चालावं लागलं. चूक आमची, तिकिटावर लिहिलेलं होतं. बाक धातूचे असतात, आमच्या पायऱ्यांची सवय असली तरी नोव्हेंबरात घरून उशी न्या. खेळ साडेतीन तास चालतो, थांबण्याचा वेळ जास्त, त्यामुळे शेंगदाणे खिशात हवेत असं वाटलं. नियम कळत नसतील तर शेजाऱ्याला विचारा, तो आनंदाने अख्खा क्वार्टर समजावत बसतो.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो ज्याने घरामागच्या अंगणात गाडी लावायचे चाळीस डॉलर घेतले आणि निघताना पुढे तीन गाड्या आडव्या लावून स्वतः गायब झाला, त्याच्या नावाने. स्टेडियमचा त्यात काही संबंध नाही. नाणेफेकीच्या नाण्यावरही किनिकचाच चेहरा असतो, हे आम्हाला तिथे अडकून पडलो असताना शेजारच्या गाडीवाल्याने सांगितलं. पुढच्या वेळी दुर्बीण घेऊन जाणार आहे.