मोटार रिवायंडिंग शिकायचंय: मोबाईलवर, वर्कशॉपात की दोन्ही मिळून?

यावल-रावेर पट्ट्यात ऊन वाढलं आणि केळीला पाण्याची घाई झाली की मोटारी जळायला लागतात. व्होल्टेज कमी, एक फेज गेला तरी मोटार चालू, विहीर आटली तरी चालू. मे महिन्यात वायंडरकडे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्याकडे (हेच रिवायंडिंग), नंबर लागत नाही. त्यामुळे दरवर्षी दहावी-बारावी झालेली पोरं नाहीतर त्यांचे वडील दुकानावर येऊन विचारतात, भाऊ हे मोबाईलवर शिकता येईल का, का आयटीआयच करावं लागेल? मी दोन्हीकडची पोरं कामाला ठेवलीयेत, म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

मोबाईलवर हिशोब चांगला येतो. समजा 36 स्लॉटची (तार बसवायच्या खाचा) 4 पोल (चुंबकीय ध्रुव) मोटार आहे, तर एका पोलला 9 स्लॉट, त्यात एका फेजला 3, आणि एका स्लॉटचा इलेक्ट्रिकल कोन 20 अंश. वर्गात हे फळ्यावर एकदा होतं, व्हिडिओ मागे नेऊन दहा वेळा बघता येतो. शिवाय वर्कशॉपात एका स्टेटरभोवती (मोटारीचा न फिरणारा भाग, ज्यात तार भरतात) पंधरा पोरं उभी असली की मागच्याला पुढच्यांची डोकी दिसतात, कॉइल (तारेचं वेटोळं) दिसत नाही, कॅमेरा मात्र थेट स्लॉटवर असतो. हे मान्य केलंच पाहिजे.

पण तार हाताला कळावी लागते. माझ्याकडे एक पोरगा होता, कनेक्शन डायग्राम तोंडपाठ, मोबाईलवरच शिकलेला, त्याने कॉइल बसत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरने दाबली आणि तारेचं इनॅमल, म्हणजे वरचा इन्सुलेशनचा थर, खरचटलं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर रीडिंग एकदम चांगलं, कारण मेगर बॉडीला लीकेज दाखवतो, एकाच कॉइलमधल्या दोन टर्नचा (वेढ्यांचा) शॉर्ट दाखवत नाही. मोटार शेतात गेली आणि आठवड्यात जळून परत आली. त्या शेतकऱ्याचं पाणी तुटलं ते तुटलंच. शेजारी सर उभे असते तर तिथेच हात धरला असता, व्हिडिओ तुमचा हात बघत नाही.

पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलचं (पाण्यात बुडून चालणारी मोटार) तर वेगळंच, तिथे प्लास्टिक कोटिंगची जाड तार स्लॉटमधून ओढून भरतात, किती ताण द्यायचा हे सांगून कळत नाही, चार-पाच स्टेटर भरल्यावरच कळतं.

नुसत्या वर्गाचीही अडचण आहे. आपल्याकडे पोरगं खेड्यावरून एसटीने येतं, एक दिवस चुकला की तो धडा गेला. त्यात आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड 2 वर्षांचा, आणि रिवायंडिंग हा त्यातला एक भाग. पण नोकरी करायची असेल तर दुसरा विचार करू नका, महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला आयटीआयचा ट्रेड लागतोच, व्हिडिओ बघितल्याचं तिथे काही चालत नाही.

माझं मत दोन्ही मिळून शिका असंच आहे, फक्त क्रम उलटा ठेवा. बरेच लोक म्हणतात आधी ऑनलाइन थेअरी पूर्ण करा मग प्रॅक्टिकल. या कामात आधी जळालेली मोटार खोला, जुनी वायंडिंग कापायच्या आधी तिचा डाटा वहीत घ्या, टर्न किती, गेज (तारेची जाडी) कोणता, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर) किती, कनेक्शन स्टार का डेल्टा (तीन फेज जोडायच्या दोन पद्धती), आणि मग रात्री तेवढाच विषय मोबाईलवर बघा. हातात धरलेली वस्तू डायग्राममध्ये लगेच ओळखू येते. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात सरांना नेमकं अडलेलं विचारता येतं, आणि सरांचाही वेळ फळ्यावर न जाता तुमच्या हाताकडे बघण्यात जातो. आयटीआयवाल्यांना भारत स्किल्स पोर्टलवर ट्रेडचा सिलॅबस आणि प्रश्नसंच फुकट आहेत, थेअरीची परीक्षा आता कॉम्प्युटरवरच असते, तर तो सराव घरी करा आणि वर्कशॉपचा तास अजिबात बुडवू नका. सप्लाय लावून टेस्टिंग मात्र घरी एकट्याने करायचं नाही, ते सरांसमोरच.

ज्याचं घरचंच दुकान आहे, वडील किंवा काका वायंडर आहेत, त्याला मोबाईल आणि घरचं वर्कशॉप पुरतं. बाकीच्यांनी प्रायव्हेट क्लासची फी भरायच्या आधी एवढं विचारा: माझ्या एकट्याच्या हाताने किती स्टेटर भरायला मिळतील, सबमर्सिबल आहे का, आणि भरलेली मोटार लोडवर चालवून बघता का. आकडा सांगायला टाळाटाळ केली तर तिथून उठून या.