काट्याची परीक्षा, आट्याच्या पिशवीने

डॉक्टरांनी ६ किलो उतरवायला सांगितलं, म्हणून ९०० रुपयांचा काचेचा डिजिटल वजनकाटा घेतला. जुना स्प्रिंगचा तर रिकामा असतानाच दीड किलो दाखवायचा! नव्याची परीक्षा घेतली: आधी मी एकटी, मग ५ किलोची न फोडलेली आट्याची पिशवी कडेवर घेऊन. फरक ५.१ आला. पास.

पण एक लबाडी सापडली. लगेच पुन्हा चढलं की हा मागचाच आकडा दाखवतो. पेलाभर पाणी पिऊन चढले तरी ६८.४च! मध्ये पिशवी एकटी ठेवून उचलली, की मग खरं बोलतो. पायपुसण्यावर ठेवला तर दोन किलो कमी (मोह होतो, पण नको), सपाट फरशीच हवी. रोज सकाळी चहाआधी चढते आणि आठवड्याची सरासरी कॅलेंडरवर लिहिते.