फोर्टात नोकरी, घर कोणत्या लाईनवर? चर्चगेट आणि सीएसएमटीचा हिशेब

नोकरी दक्षिण मुंबईत फोर्ट, बॅलार्ड इस्टेट किंवा नरिमन पॉइंटला लागली आणि घर उपनगरात भाड्याने घ्यायचं असलं, की आधी भाडं बघितलं जातं, मग डिपॉझिट, मग पाणी किती वेळ येतं ते. गाडीचा विषय ‘स्टेशन चालत दहा मिनिटं’ एवढ्यावर उरकतो. त्या स्टेशनात सकाळी साडेआठला गाडी किती वेळाने येते आणि आली तर आत शिरता येतं का, हे एजंट सांगत नाही.

लाईनी दोन: चर्चगेटला संपणारी पश्चिम रेल्वे आणि सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) संपणारी मध्य रेल्वे. कागदावर बघितलं तर मध्य रेल्वे सहज जिंकते. तिच्या रोज सुमारे १८०० लोकल फेऱ्या, पश्चिमच्या सुमारे १४००. सीएसएमटीला १८ फलाट, चर्चगेटला फक्त ४. एवढ्यावरून डोंबिवलीचा करार करून टाकणारे लोक आहेत. त्यांनी जरा थांबावं.

त्या १८ फलाटांपैकी ८ ते १८ मेल-एक्स्प्रेसचे. लोकलसाठी उरतात सात: १ आणि २ हार्बरचे (नवी मुंबईकडे जाणारी लाईन), ३ ते ७ ठाणे-कल्याणकडच्या मेन लाईनचे. १८०० फेऱ्यांचंही तसंच. त्यात ठाणे-वाशी-पनवेल ही ट्रान्स-हार्बर आणि उरणच्या गाड्या धरलेल्या आहेत. त्या सीएसएमटीचं तोंडही बघत नाहीत. हार्बर बाजूला काढली की मेन लाईनला राहतात साधारण ९००, म्हणजे एकूणच्या निम्म्या. त्या ९०० सुद्धा कल्याणला फुटतात, काही कसाऱ्याकडे, काही कर्जत-खोपोलीकडे. कित्येक तर ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या पुढे जातच नाहीत.

पश्चिमच्या १४०० मात्र जवळजवळ सगळ्या एकाच सरळ रेषेवर धावतात. चर्चगेट ते विरार, आणि थोड्या पुढे डहाणूपर्यंत. मध्ये फाटा नाही. त्यामुळे एकूण आकडा लहान असूनही एखाद्या स्टेशनच्या वाट्याला येणाऱ्या गाड्या इथे बहुधा जास्त भरतात. तुलना करायची ती याच आकड्याची.

चर्चगेट चार फलाटांत हे कसं निभावतं, ते संध्याकाळी सहाला तिथे उभं राहून बघावं. स्लो आणि फास्ट अशा रुळांच्या दोन जोड्या, प्रत्येकीवर तीन मिनिटांनी गाडी धरली, तर एकेका फलाटावर दर सहा मिनिटांनी नवी गाडी लागते. तेवढ्यात ती आत येणार, रिकामी होणार, भरणार आणि निघणार. रिकामी होणं हा खरं तर उपचारच, कारण गाडी थांबायच्या आतच बाहेरचे खिडकीच्या जागेसाठी आत उड्या टाकतात आणि उतरणारे खांदे पुढे काढून वाट करतात. इंडिकेटरवर ‘वि’ (विरार) की ‘बो’ (बोरिवली) हे उमटेपर्यंत अर्धी गाडी बसलेली असते. हाच हिशेब सीएसएमटीच्या मेन लाईनला लावला तर पाच फलाट, म्हणजे गाडीमागे साडेसात मिनिटं. थोडी उसंत आहे. पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका अजून नाही, त्यामुळे बाहेरगावच्या गाड्या फास्ट लोकलच्याच रुळांवरून आत येतात. सकाळी एखादी मेल उशिरा धावत असली की तिच्या मागेपुढे लोकलची रांग लागते. चर्चगेटला ही भानगड नाही, लांबच्या गाड्या मुंबई सेंट्रल आणि वांद्रे टर्मिनसलाच थांबतात. माझ्या मते दोन लाईनींतला सगळ्यात मोठा फरक हाच, फलाटांच्या संख्येचा नव्हे.

आता स्टेशनांची जोडी लावून बघू. ठाणे आणि बोरिवली, दोन्ही आपापल्या टर्मिनसपासून ३४ किलोमीटर. वेळेत ठाणे किंचित पुढे: फास्टने पाऊण तासाच्या आसपास, तर बोरिवलीहून पन्नास-पंचावन्न मिनिटं. पण ठाण्याला येणारी कसारा, कर्जत, कल्याणची फास्ट आधीच गच्च भरलेली असते. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्या बऱ्याचशा स्लो. बोरिवलीला दहा फलाट आणि तिथूनच सुटणाऱ्या गाड्यांची चांगली संख्या. बसून जायचं असेल तर बोरिवली, उभं राहून लवकर पोहोचायचं असेल तर ठाणे. बोरिवलीकराने विरार फास्टच्या नादी मात्र लागू नये. सकाळी तिच्यात शिरणं अवघड, आणि संध्याकाळी विरारच्या गाडीत चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला दारातली मंडळी काय ऐकवतात ते पश्चिमच्या प्रत्येक प्रवाशाला पाठ आहे.

पुढची जोडी साठ किलोमीटरवरची, विरार आणि अंबरनाथ. इथे मला शंकाच वाटत नाही. विरारला गाड्या तयार होतात, गर्दीच्या वेळी एक चुकली तर दुसरी समोरच्या फलाटावर. अंबरनाथ-बदलापूर हे कल्याणपुढच्या एका फाट्यावर आहे. सीएसएमटीची फास्ट चुकली की पुढचीसाठी पंधरा-वीस मिनिटं घड्याळ बघत बसावं लागतं, आणि ती येते तेव्हा त्या पंधरा-वीस मिनिटांची सगळी गर्दी तिच्यावर तुटून पडते. टिटवाळा, आसनगाव त्याहून विरळ. बदलापूरचं भाडं कमी दिसतं त्यामागे हेही एक कारण आहे. नालासोपाऱ्याबद्दल एक सांगायला हवं: गाड्या विरारइतक्याच, पण बसायला जागा नाही. म्हणून तिथले लोक सकाळी उलटे विरारला जाऊन बसून येतात.

डोंबिवली या सगळ्याच्या मधोमध, ४८ किलोमीटरवर. इथून सुटणाऱ्या लोकल आहेत हा तिचा मोठा आधार, त्या धरूनच दिवस आखा. डोंबिवली-ठाण्यामधल्या मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ ला दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडून माणसं दगावली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये झाली, तरी गर्दीच्या वेळी दारात लोंबकळणं संपलेलं नाही. कल्याणहून येणाऱ्या फास्टमध्ये डोंबिवलीला शेवटच्या क्षणी चढायची सवय लावून घेऊ नये.

गाडी किती वेळाने येते याइतकंच ती किती लांब आहे हेही बघायचं. बारा डब्यांची पंधरा केली की त्याच वेळेत, त्याच रुळावर पाव पट माणसं जास्त जातात. पश्चिमने हे २००९ मध्ये सुरू केलं आणि पुढे बऱ्यापैकी वाढवलं. मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांच्या गाड्या अजून मोजक्याच आहेत, कारण सगळीकडे फलाट तेवढे लांब नाहीत. एसी लोकलचंही तेच: डिसेंबर २०१७ मध्ये पहिली पश्चिमवर आली, आज तिथे रोज शंभरावर फेऱ्या आहेत. मात्र साध्या पासवाल्यासाठी एसी म्हणजे एक गाडी कमी. साधी लोकल काढून एसी लावली की त्याच्या वेळापत्रकात भोक पडतं. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला लोक रुळांवर उतरले ते याचमुळे. घर घेताना तुमच्या वेळेची गाडी साधी आहे की एसी, हे एम-इंडिकेटर या वेळापत्रकाच्या ॲपवर आधी बघून घ्या.

हार्बरबद्दल थोडक्यात. नवी मुंबईत घरं मोठी, रस्ते रुंद, पण पनवेलपर्यंतचे ४९ किलोमीटर प्रत्येक स्टेशन घेत जातात, फास्ट नाही. सव्वा तासाच्या वरच धरा. शिवाय वडाळ्याला ही लाईन पनवेल आणि गोरेगाव अशी दुभंगते, म्हणून दोन फलाटांवरची प्रत्येक गाडी तुमची नसते. पनवेल किंवा बेलापूरहून सुटणारी पकडली तर बसून झोप काढता येते, एवढं एक सुख.

रविवारी काम असणाऱ्यांनी मेगाब्लॉकही, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लाईन बंद, धरावा. मध्य आणि हार्बरवर तो बहुतेक दर रविवारी भरदिवसा असतो. पश्चिमचा जम्बो ब्लॉक अनेकदा शनिवारी रात्रीच उरकतात. पावसाळ्यात कुर्ला-सायन भरलं की मध्य रेल्वे अडते, वसई-नालासोपारा भरलं की विरारकर. त्यात कुणी कुणाला हसू नये.

आणि ऑफिस नेमकं कुठे? नरिमन पॉइंटला असेल तर चर्चगेटहून चालत किंवा शेअर टॅक्सीने जाता येतं, बॅलार्ड इस्टेटला सीएसएमटी सोयीचं. हा मुद्दा पूर्वी फार वजनदार होता. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण धावते, आणि तिची स्टेशनं चर्चगेटलाही आहेत, सीएसएमटीलाही. चुकीच्या टर्मिनसला उतरण्याची शिक्षा आता काही मिनिटांची राहिली. दादरला लाईन बदलण्यापेक्षा ते बरं, कारण दादरच्या पुलावर सकाळी नऊला जो वेळ जातो तो कुठल्याच वेळापत्रकात छापलेला नसतो.

माझी पसंती विचाराल तर ऐपत असल्यास बोरिवली-कांदिवली, नसल्यास विरार. मध्यवरच राहायचं असेल तर ठाणे, नाहीतर डोंबिवली, पण तीही तिथूनच सुटणाऱ्या गाडीच्या भरवशावर. कल्याणच्या पुढे घर बघत असाल तर टोकन देण्याआधी एखाद्या मंगळवारी सकाळी आठला त्या फलाटावर जाऊन तीन गाड्या जाऊ द्या, आणि चौथीत चढून बघा.