हिंडत्या-फिरत्या बाईसाठी डायपर-चड्डी: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

मी साठी ओलांडलेली, इंदुरात रामबागेत राहते. गेल्या पावसाळ्यापासून मोठ्यांची डायपर-चड्डी रोज वापरते आहे. हे लिहिते आहे ते अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी नाही, त्यांची गरज वेगळी असते. ज्या बायका भाजी आणतात, भजनाला जातात, नातवंडं कडेवर घेतात, पण शिंक आली की थेंब सुटतात, किंवा लागली की बाथरूमपर्यंत पोचेतो धीर निघत नाही, त्यांच्यासाठी लिहिते आहे. अशा बायका पुष्कळ आहेत. त्यातल्या कितीतरी जणी याच कारणाने लग्नाला जायचं टाळतात आणि घरी गुडघे दुखतात म्हणून सांगतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. दिवसा पँटसारखी वर ओढायची चड्डी, बाहेरून कापडासारखी, आत मांडीच्या बाजूने उभी पट्टी असलेली. रात्री आणि लांबच्या प्रवासाला जास्त जाडीची. दोन्हीकडे एकच चालवायला गेलं की दिवसा उकडतं आणि रात्री चादर भिजते. पाकिटावरच्या मिलीलिटरच्या आकड्यापेक्षा माप आणि जांघेतली पकड बघावी.

चड्डी घेण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या, हे कळकळीने सांगते. लघवीत जंतुसंसर्ग असेल, साखर वाढलेली असेल, बद्धकोष्ठ असेल, तरी असाच त्रास होतो, आणि त्या सगळ्यावर उपचार असतात. माझ्या डॉक्टरांनी आधी तीन दिवस वही ठेवायला लावली: किती प्याले, किती वाजता गेले, कधी सुटली. त्यावरून कळलं की मला दोन्ही प्रकार आहेत, खोकल्याने सुटणारी आणि अचानक घाई होणारी. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम मी रोज करते. त्याने फरक पडतो, पण महिने लागतात, आणि तोवर घराबाहेर पडायचं तर काहीतरी हवंच.

सुरुवातीला पाळीचे पॅड वापरून बघावेसे वाटतात, कारण ते ओळखीचे असतात. ते या कामाचे नाहीत. पाळीचा स्राव दाट असतो आणि हळूहळू येतो, लघवी एकदम येते. पॅड ती शोषायच्या आत ती कडेने निघून जाते. धुऊन वापरायच्या कापडी चड्ड्याही मिळतात, नुसते थेंब सुटत असतील तर त्या छान. पण श्रावणात इथे साधी चादर वाळत नाही, तिथे त्या जाड चड्ड्या कुठल्या वाळणार?

मेडिकलमध्ये मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: “आंटी, पेशेंट की उमर कितनी है?” मी म्हटलं, मलाच हवी आहे, मी चालते-फिरते. तो मुलगा चांगला होता, लाजला नाही, पण त्याच्याकडे चिकटपट्टीच्याच होत्या. आडव्या माणसाला दुसऱ्याने बांधून द्यायला त्या सोयीच्या. उभ्या बाईला भलत्याच गैरसोयीच्या, कारण दर वेळी बाथरूममध्ये पट्ट्या सोडा, परत लावा, आणि दोन-तीनदा उघडली की पट्टी धरत नाही. पँटसारख्या दवा बाजारात सगळ्या मिळतात: फ्रेंड्स, लाइफ्री, डिग्निटी, सेनी. ऑनलाइन घेतल्या तर स्वस्त पडतात, पण पहिल्यांदा छोटं पाकीटच घ्यावं.

मापाचं नीट सांगते, कारण निम्मी गळती तिथूनच होते. कंबर मोजायची आणि नितंबांचा सगळ्यात रुंद घेरही मोजायचा, आणि यातला जो आकडा मोठा त्यावर माप धरायचं. आपल्या बायकांची कंबर बारीक आणि खालचा घेर मोठा असतो, म्हणून हे फार महत्त्वाचं. एका कंपनीची ‘एल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’एवढी निघू शकते, तेव्हा अक्षर न बघता पाकिटामागे छापलेले इंच-सेंटिमीटर बघा. मोठी घेतली म्हणजे जास्त मावेल, असं होत नाही. मोठी चड्डी मांडीशी सैल बसते आणि तिथूनच वाट फुटते.

आता मांडीशी कशी बसते ते. उभं राहून आरशात बघितलं तर सगळ्याच चड्ड्या ठीक दिसतात. खरी परीक्षा जमिनीवर मांडी घालून बसल्यावर. गुडघा बाहेर पडला की जांघेत फट पडते, आणि आतली उभी पट्टी त्या फटीत उभी राहिली नाही तर लघवी शोषली जायच्या आधीच परकराला लागते. नारायण बागेतल्या मैत्रिणीकडे भजनात दोन-दोन तास बसावं लागतं, तिथे माझी पहिली चड्डी याच कारणाने हरली. तेव्हापासून घातल्यावर दोन्ही बाजूंनी बोट फिरवून आतली पट्टी दुमडली नाही ना, ती मांडीकडे सरळ उभी आहे ना, हे बघूनच मी परकर नेसते. एवढ्याशा कामाने फार मोठा फरक पडतो.

मिलीलिटरच्या आकड्याची गोष्ट अशी. काही पाकिटांवर आयएसओ 11948-1 असं छापलेलं असतं, म्हणजे चड्डीत किती मावतं ते मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत. त्या पद्धतीत अख्खी चड्डी द्रवात बुडवतात, निथळवतात आणि वजन करतात. अंगावर असताना कुणी तिला बुडवत नाही. लघवी एकाच जागी पडते, वर आपलं वजन असतं, त्यामुळे छापलेल्यापेक्षा बरीच कमी मावते. आत जी पूड असते, सोडियम पॉलिअॅक्रिलेटची, ती साध्या पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते, पण खारट पाण्यात पन्नास-साठ पटींच्याही आत येते. लघवी खारट असते. म्हणून जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात त्यावरून काही ठरवू नका.

मी घरी बघितलं ते असं. लिटरभर कोमट पाण्यात चहाचा दीड चमचा मीठ विरघळवलं. वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक चड्डी मोरीत पसरून मधोमध एक मोठा पेला, साधारण पाव लिटर, एकदम ओतला. मोठ्या माणसाला एका वेळी एवढी लघवी सहज होते. दहा मिनिटांनी त्याच जागी दुसरा पेला ओतला आणि वर कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने दाबला. पहिला पेला सगळ्या चड्ड्यांनी शोषला. दुसऱ्या पेल्याला एकीत पाणी वरच तळ्यासारखं साचलं आणि कडेने वाहिलं, दुसरीत ते हळूहळू पुढे-मागे पसरत गेलं आणि टिश्यू जेमतेम दमट झाला. मी ती दुसरी वापरते. पूड फुगून जेल झाली की नवीन पाण्याला तिथून पुढे जायला वाट हवी असते, आणि पाणी पसरवणारा थर ज्या चड्डीत चांगला असतो तीच दुसऱ्यांदाही तग धरते. प्रत्येकीतली एक चड्डी खर्ची पडली, पण पुढचे सगळे पैसे वाचले.

रात्रीसाठी वेगळी जाड का, हेही समजून घ्या. वय वाढलं की दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि रात्री लघवी जास्त होते. संध्याकाळी तासभर पाय वर करून पडले की मला रात्रीचा भार कमी वाटतो. पुण्याला मुलीकडे रात्रीच्या बसने जाते तेव्हाही हीच जाड चड्डी. जास्त खात्री हवी म्हणून आत दुसरी चड्डी किंवा प्लॅस्टिक पाठीचा, म्हणजे बाहेरची बाजू प्लॅस्टिकची असलेला, पॅड घालू नका. वरचा भरला की खालच्याला थेंबही पोचत नाही. यासाठी पाठ झिरपणारे वेगळे पॅड मिळतात, तेच घ्यावेत.

उन्हाळ्यात त्वचेला जपावं लागतं. मे महिन्यात प्लॅस्टिक पाठीच्या चड्डीने मला जांघेत लालसर पुरळ आलं, कापडी पाठीच्यांनी तसं होत नाही. ओली झाली की बदलायची. बाहेरची पिवळी रेघ रंग बदलते, पण मी तिची वाट बघत नाही. साध्या पाण्याने धुऊन, न चोळता टिपून कोरडं करते. झिंक ऑक्साइडचं मलम लावलं तर अगदी पातळ, कारण जाड थर चड्डीच्या वरच्या कापडाची छिद्रं बुजवतो आणि ती शोषत नाही. पावडर मुळीच नाही, ओली झाली की तिचे गोळे होतात. सुगंधी चड्ड्याही नकोत. ताज्या लघवीला फारसा वास नसतो, तो वेळेवर न बदलल्याने येतो.

आणि पाणी कमी करू नका. माझ्या ओळखीतल्या बायका लग्नाला जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही पीत नाहीत, तेही इंदूरच्या उन्हात. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चुरचुरतं, घाई वाढते, वर बद्धकोष्ठ होतं. मी चहा दोन कपांवर आणला आणि पाणी होतं तेवढंच ठेवलं.

मला दिवसाची चड्डी साधारण चाळीस रुपयांना पडते, रात्रीची त्याहून थोडी जास्त. पेन्शनीतल्या बाईला हा खर्च जड आहे, यात शंका नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या छापील किमतीचं पाकीट कुणी पुढे केलं तर विचारायला संकोच करू नका.

वापरलेली चड्डी गुंडाळून, कागदात बांधून वेगळी ठेवते. आपल्याकडे सकाळच्या कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याचा खण वेगळा असतो, त्यामुळे घरी काही अडत नाही. अडतं ते बाहेर. बायकांच्या बाथरूममध्ये आत डबाच नसतो, मग ओली चड्डी पर्समध्ये घेऊन परत पंगतीत बसायचं. भाचीच्या लग्नाचं कार्यालय ठरवताना मी व्यवस्थापकांना सरळ सांगितलं, “दादा, बायकांच्या प्रत्येक बाथरूममध्ये झाकणाचा एक डबा ठेवा.” त्यांनी ठेवले, आणि दुपारपर्यंत ते सगळे वापरात होते.