विक्री दालन देखणे, माहितीपत्रक हातचे राखून

लोअर परळ भागात जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहत असलेल्या एका आलिशान निवासी प्रकल्पाचे विक्री दालन नुकतेच पाहिले. प्रकल्पाचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण इमारतीचे नसून ती ग्राहकापुढे ज्या रीतीने मांडली जाते, त्या रीतीचे आहे.

मांडणीवर खर्च आणि विचार दोन्ही झालेले आहेत. माहितीपत्रकाचा कागद जाड, छपाई नेटकी आणि पहिल्याच पानावर एका परदेशी सजावट संस्थेचे नाव. हा मार्ग आता चांगलाच रुळला आहे: याच परिसरात लोढा समूहाने 'वर्ल्ड वन' मनोऱ्याच्या अंतर्गत सजावटीला अरमानी/कासाचे नाव जोडले, तर पुण्यात कल्याणीनगरला पंचशील या बांधकाम कंपनीने ट्रम्प हे नाव परवान्यावर घेऊन दोन मनोरे उभारले. त्यात गैर काहीच नाही. मात्र नाव केवळ परवान्यावर आहे की त्या संस्थेने प्रत्यक्ष आराखड्यावर काम केले आहे, हे ग्राहकाला कळायला हवे; येथे विचारल्यावर "टाय-अप आहे, सर" एवढेच उत्तर मिळाले.

सॅम्पल फ्लॅट मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. खोल्यांना चौकटी आहेत, दारे नाहीत, त्यामुळे दार उघडायला किती जागा जाते हे लक्षातच येत नाही. शयनगृहातील कपाट इतके उथळ की नेहमीचा हँगर त्यात सरळ टांगता येत नाही, आणि पलंग टेपने मोजला तर जेमतेम ५ फूट १० इंच भरला. प्रकल्पाच्या प्रतिकृतीतही हीच हुशारी आहे: समोरचे मनोरे पारदर्शक ॲक्रिलिकचे केल्यामुळे समुद्र थेट दिसतो, आणि मागच्या चाळींच्या जागी चक्क हिरवळ अंथरलेली आहे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत तक्रार अधिक गंभीर आहे. दालनात १,८५० चौरस फूट 'वापरायोग्य' क्षेत्र सांगितले गेले. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याच सदनिकेचे चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) १४१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,५१८ चौरस फूट आहे. फरक मुख्यतः बाल्कनी आणि डेकचा, जे २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्यातील ('रेरा') चटई क्षेत्राच्या व्याख्येत धरले जात नाहीत. ताब्याची तारीखही तोंडी सांगितली त्यापेक्षा नोंदणीत एक वर्ष पुढची निघाली. जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. येथे तो आहे, पण शेवटच्या पानाच्या तळाशी, राखाडीवर राखाडी. एक गोष्ट आवर्जून नोंदवतो: आम्हांला दालन दाखवणाऱ्या तरुण प्रतिनिधीने विचारताच टॅबवर महारेराचे पान उघडून दिले आणि फरक मान्यही केला. प्रशिक्षण देणाऱ्यांपेक्षा ती अधिक प्रामाणिक होती.

किंमत 'पासून पुढे' अशी छापलेली आहे. त्यात बांधकामाधीन घरावरचा ५ टक्के जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि वरच्या मजल्यांचा वाढीव दर धरलेला नाही. दालन पाहायला जरूर जावे, टेप सोबत न्यावा, आणि नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम कोणी मागितल्यास रेरा कायद्याचे कलम १३ दाखवावे.