स्टिक कॉइल आणि प्लग : पुलरशिवाय नऊ महिने

नऊ महिन्यांत माझ्या चार सिलिंडरच्या मोटरसायकलचे स्पार्क प्लग तीनदा काढले. म्हणजे बारा वेळा कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) उपटली आणि बारा वेळा प्लग खोलला. कॉइल ओढायचा खास पुलर माझ्याकडे नाही, ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क रेंचही नाही. सीटखालच्या टूलकिटमधला प्लगपाना, रबरी पेट्रोल नळीचा वीतभर तुकडा, दोन जाड केबल टाय आणि सायकलचा पंप, एवढ्यावर काम चाललं आहे. कुठे छान चाललं आणि कुठे अडलं, ते लिहितो.

सुरुवात झाली ती मिसिंगमुळे. गाडी धुतली की दुसऱ्या दिवशी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, एक सिलिंडर मरायचा आणि इंजिन तापलं की परत जागा व्हायचा. टाकी आणि एअर फिल्टरचा डबा काढला, तर दोन नंबरच्या कॉइलभोवती ओल दिसली. अशा गाड्यांत प्लगला वायर नसते. पेनासारखी लांब कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते आणि तिची रबरी टोपी प्लगची विहीर, म्हणजे प्लग ज्यात बसतो ते खोल भोक, वरून बंद करते. ते रबर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, चिकटतं, आत हवा अडकते आणि सरळ ओढली तर कॉइल हलतसुद्धा नाही.

इथे मी पहिली चूक केली. स्क्रूड्रायव्हर कडेला घालून तरफेसारखा दाबला आणि कॉइलच्या प्लास्टिकच्या मानेला केसासारखी चीर गेली. या कॉइलच्या आत बारीक तारेची गुंडाळी रेझिनमध्ये बसवलेली असते. चिरेतून ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता हेडकडे पळते. ती कॉइल मला बदलावी लागली. म्हणून कळकळीने सांगतो, कॉइलला तरफ लावू नका.

कॉइल ओढायची नसते, आधी फिरवायची असते. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. कप्लरची, म्हणजे कॉइलला वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाची, कुलपी दाबून कप्लर त्याच्या अंगाला धरून काढायचा. वायर ओढायची नाही. जुन्या गाडीत ती कुलपी कडक होऊन तुटते, तिथे घाई नको. मग कॉइलचं डोकं मुठीत धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवायचं. पहिल्या मिनिटाला काहीच होत नाही. मग रबर सुटल्याचा बारीक चुर्र आवाज येतो आणि कॉइल स्वतःभोवती फिरू लागते. आता डोक्याखालच्या खाचेत केबल टायचे दोन फास समोरासमोर अडकवायचे आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने सरळ वर खेचायचं. इंजिन किंचित कोमट असेल तर रबर मऊ असतं आणि काम निम्म्या वेळात होतं. प्लगला मात्र इंजिन पूर्ण थंड हवं, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे प्लगबरोबर निघून येण्याची भीती असते. म्हणून मी संध्याकाळी कॉइल काढतो, विहिरींवर फडकं टाकतो आणि प्लगला सकाळी हात लावतो.

प्लग सोडण्याआधी विहिरीत हवा मारणं मी कधीच चुकवत नाही. तळाशी वाळू साचलेली असते आणि प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये जाते. पंपाच्या टोकाला बारीक नळी जोडली की पुरतं. हवा मारताना डोळे मिटून नाही, चष्मा लावून.

प्लगपान्याबाबत मात्र जुगाड करू नका. माझे प्लग १० मिमी आट्यांचे, १६ मिमी षटकोनाचे. एनजीके कंपनीच्या प्लगच्या क्रमांकात पहिलं अक्षर सी असेल तर हेच माप असतं. डी असेल तर १२ मिमी आटे आणि १८ मिमी षटकोन. नेहमीची खोल गोटी (सॉकेट) मापाने बरोबर असली तरी तिची भिंत जाड असते आणि ती विहिरीत उतरत नाही. टूलकिटचा पातळ नळीचा पाना अगदी बरोबर बसतो. दुसऱ्या खेपेला मित्राची पातळ गोटी वापरली, तर ती प्लगवरच अडकून राहिली आणि तिला जोडलेला लांब दांडा, म्हणजे एक्स्टेंशन, तेवढा हातात आला. तेव्हापासून गोटी आणि एक्स्टेंशनच्या सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळतो.

रबरी नळी हे या सगळ्यातलं माझं सर्वांत आवडतं हत्यार. सैल झालेला प्लग तिने वर येतो आणि नवा प्लग तिच्यानेच आत जातो. आधी उलटं फिरवायचं, आटा ‘टक’ करून बसला की सुलटं. प्लग वाकडा लागला तर नळी प्लगवर घसरते, म्हणजे आटे खराब करण्याइतका जोर हातून लागतच नाही. नऊ महिन्यांत तिचं तोंड एकदा सैल झालं. सेंटिमीटरभर कापलं, पुन्हा घट्ट.

शेवटचा कस पान्याने. नवा प्लग हाताने टेकला की साधारण अर्धा फेरा, कारण वायसर चेपायचा असतो. आपल्या प्लगच्या डबीवर छापलेला आकडा आधी बघा. तोच जुना प्लग परत लावताना घड्याळातल्या एका तासाएवढंच, म्हणजे फेऱ्याचा बारावा हिस्सा. आट्यांना मी ग्रीस लावत नाही. प्लगवर मुलामा असतोच, आणि ग्रीसमुळे तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो. कॉइलच्या रबराला मात्र आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतो. साध्या ग्रीसने रबर फुगू शकतं. तिसऱ्या खेपेला चारही कॉइल दोन-चार वळशांत सुटल्या, ते या ग्रीसमुळेच.

मिसिंगचं मूळ मात्र कॉइलमध्ये नव्हतंच. हेडच्या कडेला विहिरीतलं पाणी बाहेर जायचं बारीक भोक असतं आणि दोन नंबरचं भोक चिखलाने बुजलं होतं. तार घालून मोकळं केलं, त्यानंतर गाडीने सिलिंडर सोडलेला नाही. आता धुतल्यावर चारही भोकांतून पंपाने हवा मारतो. चार नंबरच्या कॉइलच्या टोपीला काठावर बारीक भेग दिसू लागली आहे, तेवढी टोपी पुढच्या खेपेला बदलणार आहे.